टूव्हिक्सची सुनावणी

६ मे १९९६ रोजी अमेरिकेत ‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ या मालिकेचा ‘टूव्हिक्स’ नावाचा भाग दाखवला गेला. जाहिराती वगळल्या तर जेमतेम पाऊण तासाचा ऐवज. मालिका १९९५ ते २००१ अशी सात हंगाम चालली, दीडशेहून जास्त भाग झाले आणि त्यांत याहून खर्चिक, याहून थरारक भाग कितीतरी आहेत. चाहते अजून हमरीतुमरीवर येतात ते मात्र या एका भागावरून. कप्तान कॅथरिन जेनवेने टूव्हिक्सचा खून केला, की आपल्या दोन सहकाऱ्यांचे प्राण वाचवले? तीस वर्षांत दोन्ही बाजूंचे मुद्दे इतके घोटून झालेत की एकाने तोंड उघडायचा अवकाश, दुसऱ्याचं उत्तर तयार असतं. माझं म्हणणं असं की हे भांडण खरं असलं तरी चुकीच्या जागी अडकलं आहे. जेनवेने काय ठरवलं यावर जन्मभर वाद घालता येईल. तिने ते कसं ठरवलं आणि ठरवून झाल्यावर मालिकेने त्याचं काय केलं, याबाबत मात्र दोन्ही गटांचं एकमत व्हायला हवं, आणि टूव्हिक्सवरचा खरा अन्याय तिथेच आहे.

मालिका न पाहिलेल्यांसाठी कथा सांगायला हवी. व्हॉयेजर हे यान घरापासून ७०,००० प्रकाशवर्षं दूर, आकाशगंगेच्या पार पलीकडे जाऊन पडलं आहे. परतीला ७५ वर्षं लागतील असा हिशोब आहे. यानाचा सुरक्षाप्रमुख टूव्हॉक हा व्हल्कन, म्हणजे भावनांना लगाम घालून तर्काने चालणाऱ्या वंशातला, आणि जेनवेचा जुना मित्र. नीलिक्स हा वाटेत यानावर आलेला टॅलॅक्सियन. स्वयंपाकी, बडबड्या, लोकांना हसतं ठेवणं हे स्वतःचं खातं समजणारा. दोघांचं सख्य विळ्याभोपळ्याचं. एका ग्रहावरून वनस्पतींचे नमुने घेऊन दोघं ट्रान्सपोर्टरने परत येतात, आणि यानावर उतरतो तो एकच माणूस. ट्रान्सपोर्टर माणसाचं कणाकणाने विघटन करून दुसरीकडे पुन्हा जुळवणी करतो. त्या खटाटोपात फुलांमधल्या एका विकराने दोघांना एकमेकांत मिसळून टाकलेलं असतं. पटकथेने यासाठी सहजीवनातून नवा जीव घडण्याच्या सिद्धान्ताचा आधार घेतला आहे. तो अगदीच हवेतला नाही. आपल्या पेशींमधली मायटोकॉन्ड्रिया हे एके काळचे स्वतंत्र जिवाणू होते, हा विचार लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली नव्याने मांडला आणि आज तो पाठ्यपुस्तकात आहे. तेव्हा दोन जिवांचा मिळून तिसरा झाला, या कल्पनेला जीवशास्त्राची थोडी तरी जमीन आहे.

टॉम राइट या नटाने उभा केलेला हा टूव्हिक्स पाहिला की वादाला एवढी धार का आली ते कळतं. दोघांच्या आठवणी त्याच्यापाशी आहेत, पण मन एकच आहे आणि ते स्वतःला ‘मी’ म्हणतं. तो टूव्हॉकचं काम चोख करतो, नीलिक्सपेक्षा बरा स्वयंपाक करतो, आणि दोघांपैकी कुणाहीपेक्षा सोबतीला सुसह्य आहे. नीलिक्सची प्रेयसी केस् हिच्यावर त्याचं प्रेम आहे. तिला मात्र त्याच्याकडे पाहिलं की गेलेला माणूस आठवतो. काही आठवडे असे जातात. यान त्याला सामावून घेतं. मग यानावरचा डॉक्टर, जो स्वतः संगणकाने चालवलेला हॉलोग्राम आहे, दोघांना वेगळं करायची रीत शोधून काढतो. टूव्हिक्स म्हणतो, मला जगायचं आहे. केस्ने आपल्यासाठी कप्तानाकडे रदबदली करावी म्हणून तो तिची विनवणी करतो. ती जेनवेकडे जाते खरी, पण तिथे तिचा बांध फुटतो आणि ती नीलिक्स परत मागते. जेनवे निर्णय घेते. ब्रिजवर, म्हणजे यानाच्या नियंत्रणकक्षात, टूव्हिक्स एकेकाच्या तोंडाकडे पाहत आपल्या जिवाची भीक मागतो; कुणी जागचा हलत नाही. डॉक्टर मात्र नकार देतो: रुग्णाच्या इच्छेविरुद्ध त्याचा जीव घेणं आपल्या व्रतात बसत नाही. मग जेनवे स्वतःच्या हाताने यंत्र चालवते. टूव्हॉक आणि नीलिक्स उभे राहतात, ती त्यांचं स्वागत करते, बाहेर मार्गिकेत येते, चेहरा दगडासारखा, आणि भाग संपतो.

जेनवेची बाजू घेणारे आकडेमोडीपासून सुरुवात करतात: एक जातो, दोन मिळतात. शिवाय ते दोघं कुणी अनोळखी नव्हते. व्हल्कनवर टूव्हॉकची बायको आणि चार मुलं वाट पाहताहेत. तो आणि नीलिक्स बोलू शकत नव्हते म्हणून त्यांच्या वतीने कुणीतरी बोलायला नको का? टूव्हिक्सची बाजू घेणारे म्हणतात, हीच आकडेमोड पुढे नेली तर पाच रुग्णांना अवयव मिळावेत म्हणून धडधाकट माणूस कापणारा शल्यचिकित्सकही निर्दोष ठरेल. हे उदाहरण त्यांचं नाही; तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी रुळांवरच्या ट्रॉलीच्या कोड्याशी झुंजताना ते वापरलं होतं. त्यावर पहिला गट म्हणतो, उदाहरण गैरलागू आहे, कारण इथे अवयव मुळातच त्या दोघांचे होते. मग पुढचा वाद: टूव्हॉक आणि नीलिक्स मेले होते की नुसते अडकले होते? मेले असतील तर त्यांच्यासाठी जिवंत माणूस मारणं हा खून; अडकले असतील तर ती सुटका. पटकथा याचं उत्तर देत नाही, आणि ज्याने जे गृहीत धरलं त्याला तेच उत्तर मिळतं. वेताळपंचविशीत मस्तकं अदलाबदल झालेल्या दोघांपैकी नवरा कोण, हा प्रश्न राजाला सोडवता आला, कारण मस्तक प्रधान ही मोजपट्टी त्याच्या हाताशी होती. इथे ती नाही. चार टाकून चार उचलण्याचा हा खेळ कितीही वेळ चालेल. थोडं गमतीने घेणारे असंही विचारतात की ‘नेक्स्ट जनरेशन’ या आधीच्या स्टार ट्रेक मालिकेत १९९३ साली ट्रान्सपोर्टरच्याच बिघाडाने रायकर या अधिकाऱ्याची दुसरी प्रत तयार झाली होती, मग टूव्हिक्सची प्रत काढून एकाचे दोन का केले नाहीत? प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. पण तो लेखकांना विचारायचा आहे, जेनवेला नव्हे.

आता त्याच यानावर, त्याच हंगामात, ‘टूव्हिक्स’च्या अडीच महिने आधी काय घडलं ते पाहू. १९ फेब्रुवारी १९९६ रोजी ‘डेथ विश’ हा भाग आला. क्यू या जवळजवळ सर्वशक्तिमान जमातीतला एक जण जेनवेकडे आश्रय मागतो. त्याला अमरत्वाचा कंटाळा आला आहे, मरायचं आहे, आणि त्याची जमात त्याला मरू देत नाही. जेनवे काय करते? रीतसर सुनावणी घेते. दोन्ही पक्ष समोरासमोर, साक्षीदार, उलटतपासणी. साक्षीला थेट आयझॅक न्यूटनला काळातून उचलून आणलं जातं, मालिकेची मिश्किली म्हणून. आश्रय मागणाऱ्याची वकिली कोण करतं? टूव्हॉक. त्याला स्वतःला अशिलाची मागणी पटलेली नसते, तरी तो ती मनापासून लढवतो, कारण ते त्याचं काम आहे. जेनवे दोन्ही बाजू ऐकते, निकालाआधी वेळ घेते, आणि मनाविरुद्ध जाणारा निकाल देते. म्हणजे मरू इच्छिणाऱ्या अमर जिवाला या यानावर वकील मिळाला, तारीख मिळाली, तटस्थ न्यायाधीश मिळाला. जगू इच्छिणाऱ्या मर्त्य जिवाला यातलं काहीच मिळालं नाही. आणि ज्या माणसाने ती वकिली केली होती, तो या दुसऱ्या माणसाच्या आत होता. चाहत्यांच्या भांडणात या भागाचा उल्लेख व्हायला हवा तितका होत नाही, याचं मला नवल वाटतं. सगळा पुरावा तर त्यात आहे.

स्टार ट्रेकचं जग याबाबतीत अडाणीही नाही. फेब्रुवारी १९८९मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन’च्या ‘द मेझर ऑफ अ मॅन’ या भागात डेटा या यंत्रमानवाला सुटं करून अभ्यासायचं ठरलं, तेव्हा अपुऱ्या माणसांनिशी घाईघाईत का होईना, न्यायालय बसलं. कप्तान पिकार्ड त्याच्या बाजूने उभा राहिला आणि डेटाचा मित्र रायकर याला मनाविरुद्ध दुसरी बाजू लढवावी लागली. डेटाला आत्मा आहे की नाही हे ठरवायला त्या न्यायाधीश बाईंनी नकार दिला. त्यांनी एवढंच ठरवलं की निवड करण्याचं स्वातंत्र्य त्याला आहे. तत्त्वज्ञानाचा गुंता न सोडवताही न्याय करता येतो, याचा हा वस्तुपाठ होता. टूव्हिक्स एक की दोन, नवा की जुन्यांची बेरीज, हा गुंता जेनवेला सुटला नाही यात तिचा दोष नाही. तो सुटत नसतानाच पद्धतीची गरज असते.

यावर पहिला आक्षेप येईल तो अंतराचा. यान ज्या फेडरेशनचं, म्हणजे ग्रहांच्या संघाचं, त्याची न्यायालयं ७०,००० प्रकाशवर्षांपलीकडे. तिथे कप्तान हाच कायदा. पण ‘डेथ विश’ही त्याच अंतरावर घडला. वेळ नव्हता म्हणावं, तर कथेत कुठेही घाई दाखवलेली नाही. यान कुणाच्या हल्ल्यात सापडलेलं नाही, टूव्हिक्सची प्रकृती ठणठणीत आहे. सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळा आहे: जेनवेने त्याचं ऐकलं तर होतं. आपल्या खोलीत तिने त्याच्याशी वाद घातला, त्याचं म्हणणं समजून घेतलं, तो नेमका कोणत्या क्षणी अपघात न राहता व्यक्ती झाला, या प्रश्नाने ती स्वतः अस्वस्थ होती. हे सगळं खरं आहे. मात्र त्या खोलीत जेनवे दोन भूमिका करत होती. टूव्हॉक आणि नीलिक्स यांच्या वतीने बोलायला दुसरं कुणी नाही म्हणून त्यांची वकिली तिने घेतली, आणि निकालही तिनेच दिला. टूव्हॉक तिचा अनेक वर्षांचा मित्र. त्याच्या जाण्याचं दुःख तिचं स्वतःचं. त्यात केस्चं रडणं घडलं ते टूव्हिक्सच्या माघारी. त्याच्या भवितव्यावर सर्वांत जास्त परिणाम करणारी साक्ष अशी झाली की तिला उत्तर द्यायची संधीच त्याला नव्हती. आपल्याच खटल्यात आपण न्यायाधीश असू नये आणि दुसरी बाजू ऐकल्यावाचून निकाल देऊ नये, ही नैसर्गिक न्यायाची दोन जुनी सूत्रं. इथे पहिलं मोडलं आणि दुसरं अर्धवट पाळलं गेलं. माणसं उपलब्ध होती. डॉक्टर टूव्हिक्सची बाजू घ्यायला तयार होता, हे त्याच्या नकारातून दिसतंच. केस् त्या दोघांच्या वतीने बोलली असती. चकोटे हा उपकप्तान जेनवेच्या जागी बसू शकला असता.

‘एवढं करूनही निकाल तोच लागला असता, मग उपचार कशाला?’ हा आक्षेप व्यवहारी माणसाला पटकन पटतो. त्याचं उत्तर मुंबईच्या पदपथांवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात मिळतं. १९८१च्या पावसाळ्यात मुंबईतल्या पदपथांवरच्या झोपड्या हटवून लोकांना गावी पाठवण्याची मोहीम सरकारने काढली. ओल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले. महापालिकेचा एक युक्तिवाद असा होता की पदपथ अडवणाऱ्यांपाशी सांगण्यासारखं काही असूच शकत नाही, तेव्हा नोटिशीची गरज काय? १९८५च्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी हे अमान्य केलं. सुनावणीचं मोल केवळ तिने निकाल बदलेल का यावर ठरत नाही. ज्याच्याबाबत निर्णय होतो आहे त्याला माणूस म्हणून त्या निर्णयात बोलता येणं, याला स्वतःचं मोल आहे. आणि लक्षात घ्या, झोपड्या हटवायला न्यायालयाने अखेर मनाई केली नाही. पावसाळा संपेपर्यंत थांबा आणि मग काढा, असंच सांगितलं. निकाल बहुतांशी पालिकेच्या बाजूचा, पण पद्धतीचं तत्त्व पदपथवासीयांच्या बाजूचं. जेनवेच्या समर्थकांनी यातून घाबरायचं कारण नाही. सुनावणी मागणं म्हणजे टूव्हिक्सला वाचवाच असं म्हणणं नव्हे.

याहून जवळचं उदाहरण इंग्लंडमधलं आहे आणि ते काल्पनिक नाही. २००० साली एकमेकींना जोडलेल्या दोन जुळ्या मुली मँचेस्टरच्या रुग्णालयात होत्या. न्यायालयाने ओळख झाकण्यासाठी त्यांना जोडी आणि मेरी अशी नावं दिली. वेगळ्या केल्या तर मेरी मरणार हे निश्चित होतं. न केल्या तर काही महिन्यांत दोघी गेल्या असत्या. आईवडिलांचा धर्मश्रद्धेमुळे शस्त्रक्रियेला विरोध होता. प्रकरण अपील न्यायालयात गेलं आणि तिथे मेरीच्या वतीने स्वतंत्र वकील उभा राहिला, स्वतः एक शब्दही उच्चारू न शकणाऱ्या तान्ह्या मुलीसाठी. तिन्ही न्यायाधीशांनी वेगवेगळ्या वाटांनी जात शस्त्रक्रियेला परवानगी दिली. जोडी वाचली, मेरी गेली. निकालावर आजही मतभेद आहेत, कायद्याच्या वर्गांत तो अजून वाचला जातो. पण मेरीची बाजू कुणी मांडलीच नाही असं कुणाला म्हणता येत नाही. टूव्हिक्सला तर बोलता येत होतं.

मग नाट्याचं काय? पटकथाकार केनेथ बिलर यांच्या बाजूने बरंच बोलता येईल. टूव्हॉक आणि नीलिक्स साकारणारे टिम रस आणि ईथन फिलिप्स हे मालिकेचे नेहमीचे नट; त्यांची पात्रं परत येणार हे प्रेक्षकाला पहिल्या मिनिटापासून ठाऊक. शेवट ठरलेला असताना सोपी वाट अशी होती की टूव्हिक्सने उदात्त मनाने स्वतःच प्राण द्यावेत. २००३ साली ‘एंटरप्राइझ’ या स्टार ट्रेकच्याच मालिकेच्या ‘सिमिलिट्यूड’ या भागाने साधारण तीच वाट घेतली: ट्रिप या अभियंत्याला वाचवण्यासाठी वाढवलेला सिम हा त्याचा प्रतिरूप आधी पळून जायचा विचार करतो, मग स्वखुशीने मरण पत्करतो, आणि कप्तान आर्चरचे हात कोरडे राहतात. बिलर यांनी ही सोय नाकारली. ब्रिजवरचं ते मौन स्टार ट्रेकमधल्या सर्वांत धाडसी प्रसंगांपैकी एक आहे, आणि तिथे सुनावणी झाली असती तर तो प्रसंग झालाच नसता, हेही मान्य. पात्राने अन्याय करावा आणि लेखकाने तो डोळे मिटून न घेता दाखवावा, यात काही गैर नाही. गैर घडलं ते पुढच्या आठवड्यात.

१३ मेला ‘रेझोल्यूशन्स’ आला. जेनवे आणि चकोटे एका असाध्य संसर्गामुळे ग्रहावर मागे राहतात. व्हिडियन या शत्रूंकडे औषधासाठी जाऊ नका, असा जेनवेचा स्पष्ट हुकूम असतो. यान आता टूव्हॉकच्या हाती. आणि सात दिवसांपूर्वी तोंडाला कुलूप लावून बसलेला हाच चमू हुकुमाविरुद्ध उठतो. हॅरी किम हा तरुण अधिकारी ब्रिजवरच वाद घालतो, टूव्हॉक त्याला तिथून घालवून देतो, अखेर केस् टूव्हॉकचं मन वळवते आणि औषध मिळवलं जातं. दोन आपल्या माणसांसाठी कप्तानाचा शब्द मोडायची धमक यांच्यात होती तर! या विरोधाभासाकडे मालिकेने बोट दाखवलं असतं तर तो थोर भाग ठरला असता. पण टूव्हिक्सचं नावही निघत नाही. टूव्हॉक आणि नीलिक्स यांना ते आठवडे आठवतात का, आपल्या परतीची किंमत कळल्यावर त्यांना काय वाटलं, हे कुणी विचारत नाही. त्याचे वारस कुणी असतील तर हे दोघंच होते. १९९९च्या ‘लेटंट इमेज’मध्ये डॉक्टर दोन रुग्णांपैकी एकालाच वाचवू शकल्याच्या आठवणीने कोसळतो आणि जेनवे त्याच्यापाशी बसून राहते, पण त्याच्याही तोंडी, तिच्याही तोंडी टूव्हिक्स नाही. त्याच वर्षीच्या ‘रिडल्स’मध्ये मेंदूला इजा झालेला टूव्हॉक हळवा, गोडाधोडाचा शौकीन माणूस होतो, पूर्ववत व्हायला तो राजी नसतो आणि त्याची समजूत नीलिक्स काढतो. प्रसंग जणू ‘टूव्हिक्स’ची उत्तरपत्रिका म्हणून लिहिल्यासारखा, तरी उल्लेख शून्य. कारण रहस्यमय नाही. प्रत्येक भाग सुटा असावा, पुढे कुठल्याही क्रमाने पुन्हा दाखवता यावा, ही त्या काळच्या वाहिन्यांची गरज होती. या पद्धतीवर लेखक रोनाल्ड मूर यांनी ‘व्हॉयेजर’मधलं थोडक्या दिवसांचं काम सोडल्यावर उघड टीका केली, आणि पुढे ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ नव्याने करताना प्रत्येक निर्णयाचा ओरखडा पात्रांवर राहील याची काळजी घेतली.

जेनवेवरची टीका बाई म्हणून होते, पुरुष कप्तानांना माफी असते, असंही काही चाहते म्हणतात. त्यात तथ्य आहे. मुख्य कप्तान म्हणून मालिका पेलणारी ती स्टार ट्रेकमधली पहिली स्त्री, आणि आर्चरला कुणी सहसा खुनी म्हणत नाही. पण ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेतल्या कप्तान बेंजामिन सिस्कोचं उदाहरण घेतलं की दुसरं एक कारण दिसतं. १९९८च्या ‘इन द पेल मूनलाइट’मध्ये तो खोटा पुरावा रचतो आणि त्यापायी एका रोम्युलन प्रतिनिधीची हत्या होते, तरी तो भाग ‘डीप स्पेस नाइन’च्या सर्वोत्तम भागांत गणला जातो. कारण अख्खा भाग ही सिस्कोची कबुली आहे. तो आपली बाजू सांगतो, अडखळतो, स्वतःला पटवतो, आणि शेवटी ती नोंद पुसून टाकतो. जेनवेला एक मार्गिका आणि काही सेकंदांचा चेहरा मिळाला. जेनवे साकारणाऱ्या केट मलग्रू यांनी त्या सेकंदांत जे केलं ते अभिनय म्हणून अव्वल आहे, पण त्यावरून पश्चात्ताप, निर्धार, बधिरता असं काहीही वाचता येतं, आणि तीस वर्षं लोक तेच करत आले आहेत. सुनावणी टूव्हिक्सला मिळाली नाही तशी जेनवेलाही मिळाली नाही. तिच्या समर्थकांनी मालिकेवर चिडायचं कारण टूव्हिक्सवाल्यांइतकंच मोठं आहे.

२०२३च्या सप्टेंबरात ‘लोअर डेक्स’ या स्टार ट्रेकच्या विनोदी ॲनिमेशन मालिकेने ‘टूव्हिक्स’च्याच नावावर श्लेष करत एक भाग काढला. संग्रहालय होऊ घातलेलं व्हॉयेजर पृथ्वीकडे नेताना त्याच फुलाने सेरिटोस यानावरची माणसं एकमेकांत मिसळू लागतात, आणि जुन्या नोंदी उघडून जेनवेने काय केलं ते वाचल्यावर सगळे हादरतात. खुनाचा आरोप प्रथमच स्टार ट्रेकच्या अधिकृत कथेत उच्चारला जातो, तोही हशा मिळवण्यासाठी. मिसळलेली माणसं मात्र इथे गप्प बसत नाहीत. आपली गत टूव्हिक्ससारखी होणार हे कळताच ती इतरांनाही मिसळायला लागतात. मग पटकथा त्या सगळ्यांचा मिळून एक गोळा करते, त्या गोळ्याला जाणीव उरलेली नाही असं सांगते आणि कुणालाही काही न विचारता त्यांना वेगळं करता येतं. विनोद चांगला आहे, पण बिलर यांनी १९९६ साली जी सोय नाकारली होती, तसलीच सोय या मालिकेने घेतली.